अंगणांतील शाळा आणि राज्याचें कर्तव्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें मला बालकांच्या शिक्षणाविषयीं बोलण्याची आज्ञा केली आहे. विषयाचा पसारा मोठा आणि वेळ थोडा. म्हणून त्यांतील एकच प्रश्न आपणांपुढें मांडतों. मूल तीन वर्षांचें होऊन आईचा पदर सोडूं लागतें, तेव्हांपासून तें सहाव्या वर्षीं पहिलीच्या वर्गांत बसेपर्यंत जो काळ जातो, त्या काळांतील त्याच्या शिक्षणाचा भार कोणीं उचलावा?

आईबापांनीं, असें उत्तर आपण चटकन देतों. आणि तें खोटें नव्हे. परंतु जी आई पहाटेच्या गाडीनें भाजीची पाटी घेऊन मुंबई गांठते, जो बाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो तो पाऊस तोंडावर आल्यावर परततो, त्यांच्या मुलानें तीं तीन वर्षें कोणाच्या भरवशावर काढावीं? आपल्या देवळांत मूल जन्मून फार दिवस लोटत नाहींत तोंच त्याचें नांव बाप्तिस्म्याच्या वहींत चढतें. राज्याच्या शाळेची वही मात्र सहाव्या वर्षीं उघडते. ह्या दोन वह्यांमध्यें जें अंतर पडतें, त्याविषयीं मला बोलावयाचें आहे. हें अंतर बुजविण्याचा एक थोर प्रयत्न आपल्याच जिल्ह्यांत झाला आणि तेथून तो सबंध देशांत गेला, हें आपल्यापैकीं फार थोड्यांना ठाऊक असेल.

त्या प्रयत्नाचा उगम मात्र दूरचा आहे. रोम शहरांत सान लोरेन्झो नांवाची गरीब मजुरांची वस्ती होती. तेथील चाळी दुरुस्त करणाऱ्या कंपनीला एक अडचण पडली. आईबाप कामावर गेले कीं मागें राहिलेलीं लहान मुलें जिने आणि भिंती खराब करीत. त्यांना एका खोलींत गुंतवून ठेवावें म्हणून डॉक्टर मारिया मोंटेसरी ह्या बाईंना पाचारण करण्यांत आलें, आणि ६ जानेवारी १९०७ रोजीं, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, पहिलें बालगृह उघडलें. भिंती वांचाव्या म्हणून काढलेल्या ह्या खोलीनें पुढें जगाचें बालशिक्षण पालटून टाकिलें. मला ह्या हकीकतीची मोठी मौज वाटते. सरकारें आणि कंपन्या पुष्कळदां चांगलें काम भलत्याच कारणासाठीं हातीं घेतात. तेवढ्यासाठीं तें काम नाकारूं नये.

ह्या पद्धतीची वार्ता हिंदुस्थानांत आल्यावर भावनगर येथें गिजुभाई बधेका यांनी १९२० सालीं बालमंदिर काढलें. त्यांना श्रीमती ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. ह्या बाई मुंबईंत १८९२ सालीं जन्मलेल्या, पदवीधर, आणि राजकोटच्या स्त्री-अध्यापनशाळेच्या प्राचार्यपदाची प्रतिष्ठा सोडून लहान मुलांत येऊन बसलेल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ सालीं दादरला शिशुविहार सुरू झाला. काम उत्तम होतें. पण तेथें येणारीं मुलें बहुतेक सुखवस्तु घरांचीं होतीं, आणि मोंटेसरीबाईंचीं लांकडी साधनें खेड्यांतल्या शाळेच्या ऐपतीबाहेरचीं होतीं. ही खंत ताराबाईंच्या मनांत होती. इकडे १९४४ सालच्या सार्जंट योजनेनें तीन ते सहा वर्षांच्या दहा लक्ष मुलांसाठीं विनामूल्य शिशुशाळा काढण्याची शिफारस केली. ती कागदावर राहिली. ज्यांना कागदाची वाट पाहावयाची नव्हती त्यांनी पुढच्याच वर्षीं डहाणू तालुका गांठला.

१९४५ हें साल त्या मुलुखांत शांततेचें नव्हतें. डहाणू-तलासरी भागांतील वारल्यांनीं त्याच वर्षीं वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. अशा वेळीं, वयाची त्रेपन्न वर्षें उलटलेल्या ताराबाई बोर्डीस आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्राची त्यांनी स्थापना केली. त्यांच्या हाताशीं होत्या अनुताई वाघ. बालपणींच वैधव्य आलेल्या, जिद्दीनें शिकून शिक्षिका झालेल्या पस्तीस वर्षांच्या बाई. दोघींनीं बालवाडी उघडली. पण जीं मुलें यावीं म्हणून ती उघडली तींच येईनात. कोणाच्या कडेवर धाकटें भावंड, कोणाच्या मागें मालकाचीं गुरें, कोणाला अंगावर धड चिंधी नाहीं म्हणून लाज, आणि गांवांतल्या वरच्या वस्तींत पाऊल टाकावयाची पिढ्यान् पिढ्यांची भीति.

दुसरा कोणी असता तर "ह्या लोकांना शिक्षणाची आवडच नाहीं" असा शेरा मारून मोकळा झाला असता. असे शेरे आपण आजही ऐकतों. ताराबाईंनीं प्रश्न उलटा केला. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें. मग बाई सकाळीं पाड्यावर जाऊं लागल्या. झोंपडीपुढचें अंगण हाच वर्ग. आधीं मुलांचे हातपाय धुवावयाचे, केस विंचरावयाचे, मग गाणीं, गोष्टी, खेळ. साधनें कोठून आणावयाचीं? चिंचोके, शंख, शिंपले, पानें, खडे, बांबूचीं पेरें. चिंचोके दहादहाचे ढीग करून मोजतां येतात, शिंपले लहानमोठे लावतां येतात, पानांचे आकार ओळखतां येतात. रोमच्या लांकडी ठोकळ्यांनीं जें साधावयाचें तें येथें समुद्रकांठच्या शिंपल्यांनीं साधलें. ह्या शाळेला नांव पडलें अंगणवाडी.

पुढें १९५७ च्या सुमारास हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें आणि तेथें विकासवाडीचा प्रयोग झाला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा हीं तिन्ही एकाच छपराखालीं आणण्याची ती कल्पना होती. तिच्यांतील शहाणपण पाहा. आठ वर्षांची मुलगी शाळेंत कां येत नाहीं, तर तिच्या कडेवर दीड वर्षांचा भाऊ आहे म्हणून. भावासाठीं पाळणा टांगा, बहीण आपोआप वर्गांत बसते. जीं मुलें गुरांमागें जात त्यांच्यासाठीं कुरणशाळा निघाली. गुरें चरत, आणि शिक्षक माळावरच शिकवी. आज ज्याला मोठमोठे अहवाल "सर्वांगीण बालविकास व्यवस्था" असें भारदस्त नांव देतात, ती मुळांत एका पाळण्याची दोरी होती. ताराबाईंना १९६२ सालीं पद्मभूषण मिळालें, अनुताईंना १९८५ सालीं पद्मश्री. ताराबाई १९७३ सालीं निवर्तल्या. अनुताई १९९२ सालीं आपला देह ठेवीपर्यंत कोसबाडच्याच राहिल्या.

आतां राज्याकडे वळूं. केंद्र सरकारनें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशांतील ३३ गटांत सुरू केली आणि तिच्या केंद्राला अंगणवाडी हें नांव दिलें. सहा सेवा ठरल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी मुलाला पुढील उपचारासाठीं पाठविणें, मातांना आहार व आरोग्याचें शिक्षण, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचें पूर्वप्राथमिक शिक्षण. पुढें सर्वोच्च न्यायालयानें २००१ आणि २००६ सालच्या आदेशांनीं ही सेवा प्रत्येक वस्तीला पोंचविण्यास सरकारला बांधून घेतलें. आज देशांत सुमारें चौदा लक्ष अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या एका अंगणापासून चौदा लक्ष! एवढी मोठी बालसेवा जगांत क्वचितच आढळेल, आणि तिला नांवें ठेवण्यापूर्वीं हा आंकडा डोळ्यांपुढें आणावा.

परंतु ह्या प्रवासांत वाटेवर कांहींतरी सांडलें. ताराबाईंच्या अंगणवाडींत शिक्षण हा गाभा होता. सरकारच्या अंगणवाडींत सहा सेवांपैकीं पांच सेवांचा हिशेब ठेवतां येतो. वजन किलोंत मोजतां येतें, लस तारखेनें लिहितां येते, आहार तर ठरूनच गेला आहे: २०२३ पूर्वीं तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दररोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनें असें त्याचें प्रमाण होतें. गोष्ट ऐकतांना मुलाचे डोळे मोठे झाले, हें कोणत्या रकान्यांत लिहावें? जें मोजतां येतें तेंच वरचे अधिकारी विचारतात, आणि जें वरून विचारलें जातें तेंच खालीं होतें. सरकारी कारभाराचा हा स्वभावच आहे. पोटासाठीं खिचडी पोंचली हें थोडें झालें असें मी म्हणणार नाहीं. उपाशी मुलाला गाणें सुचत नाहीं. माझी तक्रार एवढीच कीं, खिचडी खाऊन मूल घरीं जातें आणि शाळा भरली असें आपण समजतों.

ह्याला कायद्याचीही साथ मिळाली. १९५० सालच्या आपल्या राज्यघटनेंतील पंचेचाळिसावें कलम मूळचें पाहिलें तर त्यांत चौदा वर्षें पुरीं होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचें शिक्षण द्यावें, आणि त्यासाठीं दहा वर्षांत यत्न करावा, असें म्हटलें होतें. वरची मर्यादा चौदा. खालची मर्यादाच नव्हती. १९९३ सालीं उन्नीकृष्णन खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें चौदा वर्षांपर्यंतचें शिक्षण हा मूलभूत हक्क आहे असें ठरविलें. त्यानंतर २००२ सालीं शहाऐंशीवी घटनादुरुस्ती झाली. सर्वांनीं तिचें स्वागत केलें. आणि तिनें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा हक्क घटनेंत ठळकपणें लिहिला, हें खरेंच मोठें काम झालें. पण त्याच वेळीं सहा वर्षांखालचें बालक हक्काच्या पानावरून उचलून मार्गदर्शक तत्त्वांच्या पानावर ठेवण्यांत आलें. राज्य त्याच्यासाठीं "प्रयत्न करील". पुढें २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याचें अकरावें कलम आलें. तीन वर्षांवरील मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण देण्याची व्यवस्था सरकार "करूं शकेल", असा त्याचा आशय आहे. "करील" नव्हे, "करूं शकेल". दोन क्रियापदांतला हा भेद वकिलांना क्षुल्लक वाटेल. पाड्यावरच्या मुलाचीं तीन वर्षें त्या भेदांत बुडालीं.

२०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें ही उणीव ओळखली. तीन ते आठ वर्षें हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा त्यानें मानला, म्हणजे अंगणवाडीचीं तीन वर्षें आणि पहिली-दुसरी मिळून एक सलग पायरी केली. आणि २०३० पर्यंत ही सोय सर्व बालकांना मिळावी असें वचन दिलें. मेंदूची पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधीं होते, असाही दाखला त्यांत दिला आहे. टक्केवारीचें मला फारसें अप्रूप नाहीं. नातवंडाला मांडीवर घेऊन बडबडगीतें म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना हें शास्त्र टक्क्यांवांचून कळत होतें. पण अर्थखात्याला टक्केवारी कळते, म्हणून ती असलेली बरी.

धोरण झालें, आतां तें पार कोणीं पाडावयाचें? अंगणवाडी सेविकेनें. ही बाई काय काय करते तें आपण कधीं उभें राहून पाहिलें आहे काय? साधारणपणें चारशें ते आठशें लोकवस्तीमागें एक अंगणवाडी. तेथील मुलांचीं वजनें, गरोदर बायांच्या भेटी, लसीकरणाचा दिवस, घरीं न्यावयाच्या शिध्याचें वांटप, वह्या, आणि २०२१ पासून मोबाईलवरील पोषण ट्रॅकरमध्यें त्याच माहितीची पुन्हां भरती. हें सर्व आटोपून उरेल त्या वेळांत तिनें शिकवावयाचें. तिच्या मोबदल्याला पगार म्हणत नाहींत, मानधन म्हणतात. केंद्र सरकारनें २०१८ सालीं आपला वांटा महिना ४,५०० रुपये ठरविला, मदतनिसीचा २,२५० रुपये. त्यावर राज्य आपली भर घालतें. २०२३ च्या डिसेंबरांत महाराष्ट्रांतील सेविका संपावर गेल्या तेव्हां आपल्यापैकीं कांहींनीं "सेवाच करावयाची तर पैसे कशाला?" असा प्रश्न केला. ज्या धर्मसमाजाला सेवा ह्या शब्दाचा अर्थ इतरांपेक्षां अधिक ठाऊक असावयास पाहिजे, त्याच्या तोंडीं हा प्रश्न शोभत नाहीं. मान देऊन धान्य मिळत नाहीं.

सेविकेला शिक्षिका म्हणावें कीं नाहीं, ह्या प्रश्नाचा निकाल शिक्षणखात्यानें नव्हे, तर ग्रॅच्युइटीच्या खटल्यानें लावला, हेंही ऐकण्यासारखें आहे. गुजरातेंतील सेविकांच्या खटल्यांत २५ एप्रिल २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. आणि तसें करतांना अंगणवाडींत तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीं चालतें तें शिक्षणाचेंच कार्य आहे, असें कारण दिलें. जें ताराबाईंनीं १९४५ सालीं जाणलें होतें, तें ग्रॅच्युइटीच्या दारानें का होईना, कायद्यांत आलें.

मग करावें काय? येथें मला तामिळनाडूचा एक प्रयोग सांगितला पाहिजे. चार जिल्ह्यांतील ६४० अंगणवाड्या घेण्यांत आल्या आणि त्यांपैकीं निम्म्यांत फक्त शिकविण्यासाठीं आणखी एक अर्धवेळ कार्यकर्ती नेमली गेली. दुसरें कांहीं बदललें नाहीं; इमारत तीच, आहार तोच. दीड वर्षानें पाहिलें तों शिकविण्याचा वेळ दुप्पट झाला होता, मुलें भाषेंत आणि गणितांत पुढें गेलीं होतीं, आणि शिवाय कुपोषणही कमी झालें होतें. शेवटची गोष्ट चमत्कारिक वाटेल, पण कारण साधें आहे. दुसऱ्या बाईनें वर्ग सांभाळल्यामुळें पहिलीला मुलांच्या आहाराकडे आणि आयांकडे लक्ष देण्यास उसंत मिळाली. पोषण आणि शिक्षण एकमेकांच्या वाटेंत येत नव्हतीं; एकाच बाईच्या दोन हातांवर तीं दोन्हीं लादलीं होतीं एवढेंच.

आतां आपल्या स्वतःच्या मुलांविषयीं थोडें, आणि हें आपणांस कदाचित् रुचणार नाहीं. आपण म्हणाल, अंगणवाडीचा प्रश्न पाड्यावरच्यांचा. आमचीं मुलें तर नर्सरींत जातात. जातात खरीं. तिसऱ्या वर्षीं त्यांच्या हातांत पेन्सिल येते, जेव्हां बोटांचे स्नायू मणी ओंवण्याच्या लायकीचे असतात, अक्षर कोरण्याच्या नव्हे. घरीं सामवेदी किंवा वाडवळी बोलणारें मूल तेथें इंग्रजी कविता पाठ म्हणतें आणि पाहुण्यांपुढें म्हणून दाखवितें. आपल्याला आनंद होतो. पण त्याला कांहीं विचारावयाचें असतें तें कोणत्या भाषेंत विचारावें हें त्याला उमगत नाहीं, म्हणून तें विचारीतच नाहीं. वारली बोलणाऱ्या मुलाची अंगणवाडींत जी अडचण, तीच आपल्या मुलाची, फक्त गणवेश निराळा. शिक्षणहक्काच्या कायद्यांतील मान्यतेच्या अटी पहिली ते आठवीच्या शाळांसाठीं लिहिल्या गेल्या. तीन वर्षांच्या मुलाचा वर्ग त्यांच्या बाहेर राहिला, आणि त्यामुळें इमारतीखालच्या गाळ्यांतही तो निघूं शकला. गरिबाच्या मुलाला शिक्षणावांचून खिचडी मिळाली, आणि आपण फी भरून शिक्षणाच्या नांवाखालीं पाठांतर विकत घेतलें. राज्यानें पाय मागें घेतला म्हणजे नुकसान एकट्या गरिबाचें होत नाहीं.

कोणी म्हणेल, देवळानेंच एक चांगली बालवाडी काढावी. ह्या सूचनेमागची कळकळ मी जाणतों. आपल्या शाळा अशाच निघाल्या. तरी माझें मत निराळें आहे. आपण एक बालवाडी काढली तर तीस-चाळीस मुलांचें भलें होईल, आणि शेजारची अंगणवाडी आहे तशीच राहील. कदाचित् तेथील चार बोलक्या आया आपल्याकडे आल्यामुळें अधिकच दुबळी होईल. ताराबाईंनीं संस्था काढली, पण आपली पद्धत आपल्याच भिंतींत कोंडून ठेवली नाहीं. ती कोणालाही उचलतां येईल अशी स्वस्त आणि सोपी केली, म्हणूनच सरकारला ती उचलतां आली. आपण सरकारी अंगणवाडीलाच बळ द्यावें.

म्हणून मी एक ठराव सुचवितों. आपल्या सभागृहाला लागून असलेली खोली आठवड्याचे सहा दिवस सकाळीं रिकामी असते. जवळच्या पाड्यावरील अंगणवाडी भाड्याच्या एका खिडकीच्या खोलींत भरते, आणि तिला अंगणच नाहीं. आपली खोली व पुढील मोकळी जागा तिला विनाभाडें द्यावी. पाटी, हजेरी, कारभार सर्व सरकारचा राहावा. देवळाचें नांव कोठेंही नको, आणि येणाऱ्या मुलाचा धर्म कोणीं विचारूं नये. आपल्यापैकीं ज्यांचीं मुलें तीन वर्षांचीं आहेत त्यांनीं त्यांना निदान एक महिना तेथें बसवून पाहावें. कारण जेथें सधन घरचें मूल बसतें तेथील नळाला पाणी लवकर येतें. आणि प्रत्येक अंगणवाडीला शिकविण्यासाठीं दुसरी कार्यकर्ती, शिक्षिकेच्या वेतनावर, नेमावी, असा अर्ज आपल्या आमदारांमार्फत सरकारकडे धाडावा. दोन्ही कागदांचे मसुदे मी बरोबर आणले आहेत. खोलीचा कागद बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नांवें आहे आणि त्यावर फादरांची संमति लागेल; दुसऱ्यावर जितक्या सह्या होतील तितक्या हव्या आहेत. ते दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. जेवणाची पंगत बसण्यापूर्वीं आपण ते वाचावे. ज्यांना सही करतां येत नाहीं त्यांच्यासाठीं शाईची गादीही तेथेंच आहे.